मागच्या वर्षीचे धावणारे

"घ्या, वेळ तुम्हीच मोजा," असं म्हणून कॉलेजच्या जिमखान्याच्या इन्स्ट्रक्टरसाहेबांनी त्यांचं स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं.

मी स्टॉपवॉच तोपर्यंत हातात धरलं नव्हतं. आमच्या रत्नागिरीच्या शाळेत शर्यतीची वेळ हेडमास्तरांच्या खिशातल्या घड्याळावर मोजत. सेकंदकाट्याकडे एकाने बघायचं आणि दुसऱ्याने पाटीवर लिहायचं. इथे नुसती कळ दाबली की काटा पळत होता.

जानेवारीतली सकाळ होती. घाटावरची थंडी आम्हां कोकणातल्यांना सोसत नाही. मी कानाला मफलर गुंडाळून उभा होतो आणि कॉलेजातली सहा मुलं अर्ध्या चड्डीत, अनवाणी, मैदानाला फेऱ्या घालत होती. एका फेरीला लॅप म्हणतात. त्या मैदानाच्या चार लॅपचा एक मैल होई. बारा लॅप, म्हणजे तीन मैल पुरे झाले. मी कळ दाबली. वेळ वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. आमच्या जिल्ह्यात एवढ्या वेळात तीन मैल कुणी धावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"काय मास्तर, पसंत पडलं का?"

"उत्तम आहे."

"मग जूनमध्ये तुमचा घोडा इकडे पाठवा."

तो घोडा, म्हणजे आमच्या मॅट्रिकच्या वर्गातला सखाराम, पाठवायचा की नाही, हे ठरवायला मी चार दिवसांची रजा काढून आलो होतो.

ही गोष्ट लढाईच्या आधीची, १९३०नंतरच्या चार-पाच वर्षांतली. कॉलेजचं आणि त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि संध्याकाळी ड्रिल घेत असे. ड्रिलचं शिक्षण मला नव्हतं. वयाने सगळ्यांत लहान मास्तर मी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

सखाराम पालीच्या आतल्या एका वाडीतला. त्याचा बाप धाकू टपालाचा रनर होता. ज्या गावांना मोटार जात नाही तिथे टपालाची पिशवी खांद्यावर टाकून धावत पोचवणारा माणूस, त्याला खात्यात रनर म्हणत. हातात भाला, भाल्याला घुंगरू. सखाराम लहानपणापासून बापाबरोबर कातळावरून, चढणीवरून धावत आलेला. डिसेंबरात घाटावर आंतरशालेय सामने झाले, त्यात तो तीन मैलांच्या शर्यतीत पहिला आला. तिथे हे इन्स्ट्रक्टर पंच होते. त्यांनी लगेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "पास होऊ द्या. पूर्ण फी माफ, होस्टेल माफ, सकाळचं दूध माझ्याकडून. पोरगा मला द्या."

आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिला. माझे वडील मचव्यावर खलाशी होते. मी बी.ए. झालो तो अशाच कुणाकुणाच्या माफीवर. त्यामुळे ते शब्द ऐकून मला सखारामपेक्षा जास्त आनंद झाला. मी होच म्हणणार होतो. पण घरी आल्यावर वाटलं, आपण ज्याच्या हाती चार वर्षं पोरगा देणार, तो माणूस शिकवतो कसा हे एकदा बघावं. या विचाराचीही मला थोडी लाज वाटली. फुकट देणाऱ्याची चौकशी करायची म्हणजे काय?

हेडमास्तरांनाही तसंच वाटलं.

"तुम्ही इन्स्पेक्टर कधीपासून झालात?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, नुसतं बघून येतो."

"पूर्ण फ्रीशिप मिळते आहे. नवऱ्या मुलाचं घर बघायला निघाल्यासारखे काय निघालात! रजेचं कारण काय लिहू?"

"घर बघायला, असंच लिहा."

ते हसले आणि त्यांनी सही केली.

रत्नागिरीहून सर्व्हिस मोटार निघाली, ती पालीला थांबली. धाकू तिथे टपाल घ्यायला उभाच होता. खाकी कोट, गुडघ्यापर्यंत धोतर. तो खिडकीशी आला.

"गुरुजी, मना त्या कालेजातला काय कळत नाय. पन धावन्यातला कळतंय. बोलू काय?"

"बोल की."

"ह्या लायनीवर माज्या आदी बाबू व्हता. नवा ओव्हरशेर सायेब आला तो घड्याळ बगायचा. बाबूला म्हनायचा, येळ कमी कर. बाबू करायचा. नाय म्हनायचा नाय कदी. तिसऱ्या वर्साला बाबू काठी घेऊन चालाय लागला नि पिशवी माज्या खांद्यावर आली."

"मग मी त्या साहेबांना काय विचारू?"

"इचारू नका काय. बोलनारा ग्वाडच बोलनार. मागल्या सालची पोरं कुठं हायत, ती बगा. त्यांचे पाय बगा."

तेवढ्यात क्लीनर ओरडला, "ओ रनर, सोडा खिडकी! का घाटात तुम्हीच ओढत नेताय गाडी?"

"नेली असती," धाकू म्हणाला, "पन मग तुला मागनं चालत यावा लागेल."

मोटार हसत हसत सुटली. धाकूचं बोलणं मी ऐकलं, पण खरं सांगायचं तर फार मनावर घेतलं नाही. मला वाटलं, कॉलेजातलं शास्त्रशुद्ध शिक्षण वेगळं आणि टपालाची पिशवी वेगळी.

आता पुन्हा त्या मैदानावर येतो.

मी येणार असल्याचं पत्र आधी पाठवलं होतं. ही माझी चूक. शाळेत इन्स्पेक्शनची तारीख कळली की आम्ही काय करतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. भिंतीला चुना लागतो, नकाशे बाहेर येतात, कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी राहायला सांगतात. बाराव्या लॅपनंतर सहाही मुलं माझ्यासमोर एका ओळीत येऊन उभी राहिली, आणि न सांगता "नमस्ते" म्हणाली, तेव्हा मला ते इन्स्पेक्शन ओळखू आलं. पण वेळ तर खरी होती. घड्याळ माझ्याच हातात होतं.

इन्स्ट्रक्टरांनी मग मला जिमखान्याची खोली दाखवली. काचेच्या कपाटात कप आणि ढाली. प्रत्येकीवर वर्ष आणि नाव कोरलेलं. मला ढाली वाचायचा नाद लागला. मास्तराला नावं दिसली की तो हजेरी घेतल्यासारखी वाचतो. सहा वर्षांच्या तीन मैलांच्या ढाली होत्या. सहा नावं. सगळी वेगळी.

मला गंमत वाटली. कॉलेज चार वर्षांचं. पहिल्या वर्षी जो मुलगा पहिला आला, तो दुसऱ्या वर्षी निदान स्पर्धेत तरी असणार. तो आणखी जोरात धावायला हवा. मग एकही नाव दोनदा कसं नाही? मी शेजारच्या एका मैलाच्या ढाली वाचल्या. तिथेही तेच.

"दरवर्षी नवा माणूस पहिला येतो?" मी विचारलं.

"नवं रक्त, मास्तर! मी कुणाला कपावर बसू देत नाही."

"आणि जुने?"

"अभ्यासाला लागतात. आईबाप काय, परीक्षा म्हणून मागे लागतात."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण मला एकाएकी पालीची खिडकी आठवली.

संध्याकाळी मी होस्टेलवर गेलो. मागच्या वर्षीच्या ढालीवरचं नाव सांगून खोली विचारली. त्याला आपण विष्णू म्हणू. तो कॉटवर बसून पेटीत पुस्तकं भरत होता. मला बघून उठला. उठताना त्याने आधी भिंतीला हात लावला, मग डावा पाय टेकला.

"बस, बस. मी रत्नागिरीचा. आमचा एक मुलगा इथे धावायला येणार आहे. तुझं नाव ढालीवर वाचलं."

त्याचा चेहरा फुलला. "सरांकडे येणार? मग नशीब काढलं त्याने. सर फार चांगले आहेत. मला ताप होता तेव्हा रात्रभर बसले होते उशाशी."

"तू या वर्षी धावत नाहीस?"

"नाही. नडगी दुखते जरा." नडगी म्हणजे गुडघ्याखालचं पुढचं हाड. "मीच कमी पडलो. सरांनी फार प्रयत्न केला."

"कधीपासून दुखते?"

"वर्ष झालं. या नाव्हे, आधीच्या नाताळापासून."

"आणि ढाल?"

"ती त्यानंतरच्या फेब्रुवारीत."

"म्हणजे दोन महिने दुखऱ्या पायावर धावलास. सरांना सांगितलं नाहीस?"

मी काहीतरी अशिष्ट बोललो असावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "त्यांनी फी माफ केली होती माझी. त्यांना कसं सांगणार?"

पुस्तकं का भरतोस, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. माफी इन्स्ट्रक्टरांच्या शिफारशीवर एकेका वर्षाची असे. जो धावत नाही त्याची शिफारस होत नसे. टर्म संपली की तो गावी जाणार होता, आणि तोवर लागणार नाहीत तेवढी पुस्तकं आधीच पाठवत होता. हे सांगतानाही त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निरोप देताना म्हणाला, "तुमच्या मुलाला सांगा, सरांचं नाव राखायचं."

मी त्याला डॉक्टरला पाय दाखवायला सांगितलं. तो "हो" म्हणाला. दाखवणार नाही हे आम्हां दोघांनाही कळलं.

मी उतरलो होतो त्या धर्मशाळेत परत येताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. विष्णूला मी ओळखत होतो. तो मीच होतो. कॉलेजात असताना मला हिवताप आला होता. ज्या घरी माझं जेवण होतं त्यांना ते कळू नये म्हणून मी दहा दिवस थरथरत पंगतीला बसलो होतो. उपकार करणाऱ्याला त्रास नको. त्याच्यासमोर दुखणं काढलं तर आपण कृतघ्न ठरू. गरिबाघरच्या शिकणाऱ्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी न कळवता मैदानावर गेलो. झाडामागे वगैरे लपलो नाही, फक्त उशिरा आणि मागच्या दाराने गेलो. काल न दिसलेला एक सातवा मुलगा आज धावत होता. त्याचा एक पाय पूर्ण टेकत नव्हता. इन्स्ट्रक्टर स्वतः त्याच्या शेजारून धावत होते. वयाची चाळिशी उलटलेला माणूस, पण दमदार. "शाब्बास! अजून एक! माझा वाघ आहेस तू!" मुलगा हसत होता. खोटं नाही, खरंच हसत होता. लॅप पुरा झाल्यावर साहेबांनी स्वतःचा कोट त्याच्या अंगावर टाकला.

हा माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी त्यांना गाठलं. "साहेब, एकच विचारायचं आहे. पाय दुखतो असं मुलाने सांगितलं तर तुम्ही काय करता?"

त्यांनी घाम पुसला आणि अभिमानाने म्हणाले, "माझी मुलं सांगतच नाहीत."

"पण सांगितलं तर?"

"मास्तर, सहा वर्षांत एकाने तक्रार केलेली नाही. हवं तर विचारा कुणालाही."

"विचारलं," मी म्हणालो. "तुम्ही म्हणता ते खरं आहे."

ते खूश झाले. आम्ही चहा घेतला. त्यांना बोलण्यातला रोख कळला नाही, आणि समोरासमोर सांगण्याचा धीर मला झाला नाही. तीही आमच्यासारख्यांची एक सवयच.

जाण्यापूर्वी मी प्रिन्सिपॉलना भेटलो. विचारलं, मुलाची माफी धावण्यावर न ठेवता चार वर्षांची करता येईल का?

"मार्क कसे आहेत?"

"साधारण."

"मग कशावर करू?" त्यांनी सरळ विचारलं. त्यांचंही चुकत नव्हतं.

परत आल्यावर मी आधी सखारामला सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि मग एकदम म्हणाला, "गुरुजी, तुम्ही नाही म्हणून आलात?"

"अजून नाही. तुला विचारून लिहिणार."

"मग हो लिहा. मी काय विष्णू नाही. माझे पाय कातळावर घडलेत. आणि नाही म्हटलं तर मला दुसरं कोण घेणार? मुंबईला काकाकडे गिरणीत जायचं?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. वर्गात पहिला नंबर कधी न आलेल्या, वाडीतल्या मुलाला कॉलेजचं दार एकाच माणसाने उघडलं होतं, आणि ते मी लावायला निघालो होतो.

"एक खरं सांग," मी म्हणालो. "त्यांनी तुझी फी भरली, दूध दिलं, आजारात उशाशी बसले. आणि तुझा पाय दुखायला लागला. तू सांगशील?"

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही सांगणार."

त्या उत्तरावर आम्ही दोघांनी मिळून नकाराचं पत्र लिहिलं. त्याने रडतच पाकीट चिकटवलं. धाकू तेवढं ऐकून म्हणाला, "बरा केलात," आणि पिशवी खांद्यावर टाकून निघाला. हेडमास्तर मात्र पुष्कळ बोलले. बोलून झाल्यावर त्यांनीच विष्णूबद्दल त्या प्रिन्सिपॉलना एक पत्र घातलं. "कळवल्याबद्दल आभारी आहोत" असं उत्तर आलं. विष्णूचं पुढे काय झालं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्यात मनाला लागून राहिलं आहे ते तेवढंच.

आता दुसरं कॉलेज शोधायचं होतं. हाताशी फेब्रुवारी ते मे असे चार महिने. मी चार कॉलेजांना पत्रं लिहिली. त्यात एकच विनंती केली: गेल्या तीन वर्षांतल्या लांब पल्ल्याच्या धावणाऱ्यांची नावं आणि पत्ते पाठवा. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने कपांची यादी पाठवली. चौथ्या कॉलेजात जिमखाना रसायनशास्त्राचे एक प्रोफेसर सांभाळत. त्यांनी लिहिलं, "मला धावण्यातलं विशेष कळत नाही, पुस्तकं वाचून शिकवतो. नावं पाच आहेत, कप एकही नाही. पत्ते सोबत."

मी पाचांना लिहिलं. दोघांची उत्तरं आली. पहिलं चार ओळींचं आणि गोड होतं. दुसरं तीन पानी होतं. ते मी हेडमास्तरांसमोर ठेवलं आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'प्रोफेसर अत्यंत कटकटे गृहस्थ आहेत. जरा लंगडलं की डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणतात. गेल्या वर्षी पोटरी आखडल्याचं मीच मूर्खपणाने बोललो, तर शर्यतीआधी आठ दिवस मला बसवून ठेवलं. नाहीतर मी पहिला होतो. परीक्षा जवळ आली की मैदानाला कुलूप. मी त्यांच्याशी तीन वेळा भांडलो आहे. यंदा माझं चौथं वर्ष, यंदा मी त्यांना दाखवतोच.'"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "मास्तर, ही शिफारस आहे की फिर्याद?"

"फिर्याद आहे सर."

"मग?"

"चार वर्षं धावतोय तो. आणि तीन वेळा भांडूनही त्याला कुणी काढलेलं नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावून तेवढ्या ओळी परत वाचल्या. मग म्हणाले, "फी किती माफ करतात?"

"अर्धी. मार्क पडले तर दरवर्षी. धावण्याशी संबंध नाही."

"उरलेल्या अर्ध्याचं मी बघतो. बाजारातले दोघेजण माझे विद्यार्थी आहेत. त्यांना मी पुष्कळ छड्या मारल्यात, आता थोडं आणखी सोसतील."

सखाराम सेकंड क्लासात मॅट्रिक झाला आणि जूनमध्ये त्या कॉलेजात गेला. चारही वर्षं धावला. एकदा दुसरा आला, एकदा तिसरा. पहिला कधीच नाही. त्याचं नाव कुठल्याही ढालीवर नाही. त्या पहिल्या कॉलेजात तो पहिल्याच वर्षी जिंकला असता, याबद्दल मला आजही शंका नाही, आणि हे त्याने मला पुढे दोन-तीनदा ऐकवलंही. बी.ए. झाल्यावर तो शेतकी खात्यात लागला आणि जिल्ह्यातल्या बांधांवरून पायी फिरत त्याने सगळी नोकरी केली.

शिकवणाऱ्याची पारख कशी करावी, असं मला नंतर काही पालकांनी विचारलं. मी त्यांना सांगत असे की त्याच्या विद्यार्थ्यांकडून त्याची स्तुती ऐकू नका. ती सगळेच करतात, आणि उपकाराखाली दबलेले जास्त करतात. त्याच्याविरुद्ध कुणी मोकळेपणी बोलतो का, आणि बोलूनही तिथेच टिकतो का, ते बघा. पुष्कळांना हा सल्ला विचित्र वाटे.

सखारामचं कॉलेजातून पहिलं पत्र जुलैअखेरीस आलं. खुशालीची एक ओळ होती. पुढे दोन पानं भरून प्रोफेसरांची तक्रार. धावू देत नाहीत, रोज नाडी बघतात, घोट्याला हात लावून "इथे दुखतं का, खरं सांग" असं सगळ्यांदेखत विचारतात, आणि परवा आपण त्यांना चिडून उलट बोललो, आता काय होईल कोण जाणे.

मी ते दोनदा वाचलं आणि उलट टपाली उत्तर धाडलं: तक्रार पोचली. काही होणार नाही. अशाच कळवत जा.